गाडी सुटण्यापूर्वीची उष्णता

नागभीड हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. तिथल्या रेल्वे स्थानकाच्या नावापुढे 'जंक्शन' हा शब्द लागतो तो उगीच नव्हे. बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्यापासून चांद्यापर्यंत अरुंद मार्गाच्या रुळांचे जे जाळे विणले, त्यातले नागभीड हे एक महत्त्वाचे ठिकाण होते. गोंदियाहून येणारी गाडी इथून चांदा फोर्टकडे जाई आणि नागपूरहून येणारी सुमारे १०६ किलोमीटरची वाट इथे येऊन मिळे. या रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. गोंदिया ते चांदा फोर्ट हा मार्ग १९९०च्या दशकात रुंद झाला. नागपूर-नागभीड ही वाट मात्र नोव्हेंबर २०१९ पर्यंत अरुंदच राहिली; त्या महिन्यात रुंदीकरणासाठी ती बंद झाली.

या मार्गावर अनेक वर्षे वाफेची इंजिने धावत. पहाटेच्या गाडीने जाणारा प्रवासी घोंगडी पांघरून फलाटावर येई, तेव्हा इंजिन फुसफुसत उभे असे. त्याला वाटे, गाडी पहाटे निघते. प्रत्यक्षात त्या गाडीचे काम मध्यरात्रीच सुरू झालेले असे. शेडमधल्या माणसांनी भट्टी पेटवलेली असे, आणि पुढचे कित्येक तास ते इंजिन एक इंचही न हलता नुसते तापत असे.

आता दुसरे चित्र पाहू. नॉर्वेतल्या एखाद्या गावी जानेवारीची सकाळ आहे. बाहेर तापमान शून्याखाली १० अंश सेल्सिअस. घरापुढे विजेवर चालणारी मोटार उभी आहे आणि तिला घरातून आलेली चार्जिंगची तार जोडलेली आहे. मालक अजून चहा पितो आहे. मोटार मात्र निघण्याच्या वेळेआधी आपोआप जागी झाली आहे. भिंतीतली वीज घेऊन ती आतली हवा आणि स्वतःची बॅटरी तापवते आहे. मालक बाहेर येईल, तार काढील आणि उबदार गाडीत बसून निघून जाईल. या क्रियेला आपण 'पूर्वतापन' म्हणू.

या दोन चित्रांमध्ये शंभराहून अधिक वर्षांचे आणि हजारो किलोमीटरचे अंतर आहे. तरीही प्रश्न एकच आहे. गाडी हलण्यापूर्वी तिला उष्णता का द्यावी लागते? आणि ती उष्णता कोणी पुरवायची, गाडीने बरोबर नेलेल्या साठ्याने की गाडी जिथे उभी आहे त्या जागेने? वाहनांच्या इतिहासाकडे या एका प्रश्नातून पाहिले तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

वाफेची शिदोरी

प्रथम वाफेच्या इंजिनाचा हिशेब करू. समजा, एका लहान इंजिनाच्या बॉयलरमध्ये २,००० लिटर पाणी आहे. बॉयलरमधील दाब वातावरणाच्या दहापट असेल तर पाणी १०० अंशांना उकळत नाही. ते सुमारे १८० अंशांना उकळते. म्हणजे २० अंशांचे पाणी १६० अंशांनी तापवायचे. पाण्याची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला, दर अंशाला ४.२ किलोज्यूल. गुणाकार केला की उत्तर येते सुमारे १,३४० मेगाज्यूल. एक किलो कोळशातून २० मेगाज्यूल उष्णता मिळते आणि त्यातली निम्मीच पाण्यापर्यंत पोचते असे धरले, तर सुमारे १३४ किलो कोळसा केवळ तयारीत जळाला. गाडी अजून फलाटालाही लागलेली नाही! यात बॉयलरच्या लोखंडाला लागलेली उष्णता आपण धरलेलीच नाही.

मग भरपूर कोळसा टाकून झटपट का तापवत नसत? कारण बॉयलरचे पत्रे, नळ्या आणि त्यांना जोडणारे खिळे सारख्या वेगाने तापत नाहीत. एक भाग लवकर प्रसरण पावला आणि शेजारचा मागे राहिला, तर जोड सैल होतात, पत्र्याला तडा जातो. म्हणून थंड इंजिन कित्येक तास घेऊन हळूहळू तापवावे लागे. रोजच्या कामातल्या इंजिनाची भट्टी त्यामुळे सहसा पूर्ण विझू देत नसत. आपल्याकडे खेड्यात रात्री चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवत आणि सकाळी फुंकर घालून जाळ करत, तसाच हा प्रकार.

बॉयलर तापला तरी काम संपत नसे. सिलिंडर अजून गार असे. गार सिलिंडरमध्ये वाफ शिरली की तिचे पाणी होते, आणि पाणी दाबले जात नाही. दट्ट्या आणि झाकण यांच्यामध्ये असे पाणी अडकले तर सिलिंडरचे झाकणच फुटू शकते. म्हणून ड्रायव्हर सुरुवातीला सिलिंडरखालच्या तोट्या उघड्या ठेवी. सुटणाऱ्या गाडीच्या चाकांपाशी जे पांढरे ढग दिसत, ते या तोट्यांतून बाहेर पडणारी वाफ आणि पाणी यांचे असत. तेही पूर्वतापनच होते.

या सिलिंडरच्या गारव्यानेच वाफेच्या इंजिनाचा इतिहास बदलला होता. १७६३-६४च्या सुमारास ग्लासगो विद्यापीठात जेम्स वॅटकडे न्यूकोमेन इंजिनाची एक लहान प्रतिकृती दुरुस्तीला आली. त्या इंजिनात प्रत्येक फेरीला सिलिंडरमध्ये थंड पाणी सोडून वाफेचे पाणी करत. त्यामुळे सिलिंडर दरवेळी गार होई आणि पुढच्या फेरीची बरीचशी वाफ तो पुन्हा तापवण्यातच खर्च होई. वॅटने १७६५ मध्ये वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र योजले आणि सिलिंडर सतत गरम राहील अशी व्यवस्था केली. १७६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. यंत्र तापवायला लागणारी उष्णता ही खर्चाची एक ठळक बाब आहे, हे वॅटने सर्वांच्या आधी नीट ओळखले असे म्हणता येईल.

झटकन निघणारी गाडी

मोटारींच्या आरंभीच्या काळात, म्हणजे १९०० सालाच्या आसपास, अमेरिकेच्या रस्त्यांवर तीन प्रकारच्या गाड्या होत्या: वाफेच्या, पेट्रोलच्या आणि विजेच्या. वाफेच्या गाडीला तापायला वीस-तीस मिनिटे लागत. पेट्रोलच्या गाडीला पुढे उभे राहून लोखंडी दांडा फिरवावा लागे. दांडा उलट फिरला तर हात मोडे. विजेच्या गाडीला यातले काहीच नको होते. बसा, खटका दाबा आणि निघा. शहरातल्या डॉक्टरांना आणि स्त्रियांना ती विशेष आवडे ती यामुळेच.

१९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेली विजेची स्टार्टर मोटर बसवली गेली. दांडा फिरवण्याचे कारण उरले नाही. पेट्रोल स्वस्त होते आणि एका टाकीत ते भरपूर अंतर नेई. पुढच्या दोन दशकांत विजेच्या गाड्या रस्त्यांवरून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. जी गाडी पूर्वी 'तयारी न करता निघणारी' म्हणून नावाजली गेली, तिलाच शंभर वर्षांनी पूर्वतापनाची गरज पडावी, हे थोडे चमत्कारिक वाटते. त्याचे कारण पुढे पाहू. तत्पूर्वी तेलाच्या इंजिनांकडे वळले पाहिजे.

लाल तार आणि भिंतीतली वीज

तेलाच्या इंजिनांनाही थंडी आवडत नाही. १८८०च्या दशकातील डेमलरच्या इंजिनात ठिणगी नव्हती; एक बंद नळी बाहेरून दिव्याने लाल करावी लागे, तिच्या उष्णतेने आतला वायू पेटे. हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट या इंग्रज अभियंत्याने १८९०च्या सुमारास जे इंजिन काढले, त्याच्या डोक्यावर लोखंडाचा एक पोकळ गोळा असे. इंजिन चालू करण्यापूर्वी स्टोव्हच्या ज्योतीने तो काही मिनिटे तापवावा लागे. एकदा इंजिन सुरू झाले की स्वतःच्याच ज्वलनाने तो गरम राही.

डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाते आणि फवारलेले तेल आपोआप पेटते. पण इंजिनाचे धातू गार असले तर दाबलेल्या हवेची उष्णता तेच शोषून घेतात. म्हणून अनेक डिझेल इंजिनांत विजेने लाल होणारी लहान तार बसवतात. आपल्याकडे ड्रायव्हर मंडळी तिला सरळ 'हीटर' म्हणतात. बजाज टेंपोच्या मॅटाडोर गाड्यांमध्ये मर्सिडीज-बेंझच्या परवान्याने बनलेले ओएम ६१६ हे इंजिन आले, ते याच प्रकारचे होते. अशा इंजिनांच्या मॅटाडोर आणि जीपगाड्या विदर्भातल्या रस्त्यांवर ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना किल्ली अर्धी फिरवून थांबणारा ड्रायव्हर आठवेल. घाई करणाऱ्या प्रवाशाला तो सांगे, "थांबा हो, हीटर लागू द्या."

या थांबण्याचा हिशेब सोपा आहे. चार तारा, प्रत्येकी सुमारे १२० वॅट, वेळ वीस सेकंद. एकूण ऊर्जा सुमारे १० किलोज्यूल. विजेच्या बिलावर जे 'युनिट' असते, ते म्हणजे एक किलोवॅट-तास किंवा ३,६०० किलोज्यूल. त्याचा हा तीनशेसाठावा हिस्सा झाला. वाफेच्या इंजिनात सगळे पाणी तापवावे लागे, इथे फक्त एक ठिपका तापवला की काम भागते. गाडीच्या लहानशा बॅटरीलाही हे सहज परवडते.

पण जिथे पारा शून्याखाली ३० अंशांवर जातो, तिथे ठिपका तापवून भागत नाही. तिथे इंजिनातले वंगण काकवीसारखे घट्ट होते. अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यात, ग्रँड फॉर्क्स या गावी, अँड्र्यू फ्रीमन नावाचे गृहस्थ राहत. खेड्यांना वीज पुरवणाऱ्या एका सहकारी संस्थेचे ते व्यवस्थापक होते. इंजिनाच्या डोक्यावरचा एक बोल्ट काढून त्या जागी विजेचा तापक बसवायचा आणि रात्री गाडीची तार घरातल्या प्लगला लावून ठेवायची, अशी युक्ती त्यांनी काढली. १९४९ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. कॅनडात आणि उत्तर युरोपात अशा तापकांचा प्रसार झाला, आणि तिथल्या काही ठिकाणी वाहनतळांवर प्लगचे खांब उभे राहिले.

फ्रीमन यांच्या युक्तीत एक महत्त्वाचे वळण आहे. वाफेच्या इंजिनाची उष्णता त्याच्याच भट्टीतून येई, मॅटाडोरची तिच्याच बॅटरीतून. फ्रीमनची उष्णता गाडीच्या बाहेरून, भिंतीतून आली. हे शक्य झाले ते खेड्यापर्यंत वीज पोचली होती म्हणून. नॉर्वेतल्या आजच्या मोटारीचे पूर्वतापन हे या युक्तीचेच पुढचे पाऊल आहे.

बॅटरीला थंडी का बाधते?

विजेच्या मोटारीत इंजिन नाही, वंगण गोठण्याचा फारसा प्रश्न नाही. मग तापवायचे काय? दोन गोष्टी: माणसे बसतात ती जागा आणि बॅटरी.

पहिल्या गोष्टीचे कारण गमतीचे आहे. पेट्रोलचे इंजिन इंधनातल्या ऊर्जेचा मोठा भाग, साधारण दोन तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक, उष्णतेच्या रूपाने वाया घालवते. थंड देशांत ही वाया जाणारी उष्णता प्रवाशांना ऊब देण्यासाठी फुकट मिळे. विजेची मोटर फार कार्यक्षम असते. ती इतकी कमी उष्णता टाकते की प्रवाशांसाठी वेगळी उष्णता निर्माण करावी लागते. म्हणजे यंत्र सुधारले आणि त्याच्या दोषातून मिळणारा लाभ गेला.

दुसरी गोष्ट रसायनाची. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका विद्युतद्रावातून पोहत दुसऱ्या बाजूला जातात आणि ग्राफाइटच्या थरांमध्ये शिरतात. थंडीत द्राव घट्ट होतो, आयनांची गती मंदावते, थरांत शिरण्याची क्रियाही मंद होते. बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. ती आपली ऊर्जा सहज देत नाही. त्याहून वाईट म्हणजे थंड बॅटरी जोराने चार्ज केली तर आयन थरांत शिरण्याऐवजी ग्राफाइटच्या पृष्ठभागावर धातूरूप लिथियम होऊन बसतात. त्यामुळे बॅटरीची क्षमता कायमची घटते, आणि त्या धातूचे काटे वाढत गेले तर आत शॉर्टसर्किट होण्याचाही धोका असतो. म्हणून बॅटरी फार थंड असेल तर गाडीतली यंत्रणा चार्जिंगचा वेग कमी करते. ब्रेक लावताना मोटरमधून जी वीज परत बॅटरीत येते, तीही घ्यायला थंड बॅटरी तयार नसते.

१९०० सालच्या विजेच्या गाडीतली शिसे-आम्लाची बॅटरीही थंडीत मंदावत असेच. पण ती गाडी शहरात थोडेच अंतर जाई, तिचा वेग बेताचा असे आणि गाडी तापवून घेण्याची अपेक्षाही कोणी करत नसे. प्रवासी कांबळे पांघरून बसत. आज अपेक्षा वाढली, म्हणून तयारी वाढली.

घरचा हिशेब

आता पूर्वतापनाला किती वीज लागते ते पाहू. समजा बॅटरीचे वजन ३०० किलो आहे आणि तिची सरासरी विशिष्ट उष्णता दर किलोला, दर अंशाला एक किलोज्यूल आहे. तिला उणे १० पासून १५ अंशांपर्यंत, म्हणजे २५ अंशांनी तापवायचे तर ७,५०० किलोज्यूल लागतील. ३,६०० ने भागले की उत्तर येते सुमारे २.१ युनिट.

बसण्याच्या जागेचा हिशेब विद्यार्थ्यांना अवश्य करायला द्यावा, कारण त्याचे उत्तर अनपेक्षित आहे. आतली हवा तीन घनमीटर, वजन सुमारे चार किलो. ती ३० अंशांनी तापवायला फक्त १२० किलोज्यूल, म्हणजे युनिटचा तिसावा भाग पुरतो! मग तापक पंधरा मिनिटे चालून एखादे युनिट कसे खातो? कारण खरा खर्च हवेचा नाही. आसने, काचा, पत्रा हे सारे तापावे लागते आणि त्याच वेळी काचांतून व पत्र्यातून उष्णता बाहेर जातच असते.

दोन्ही मिळून झाली सुमारे तीन युनिटे. थंडीत गाडीला एका किलोमीटरला ०.२ युनिट लागते असे मानले, तर ही तीन युनिटे म्हणजे १५ किलोमीटरचा प्रवास. बॅटरीची क्षमता ४० युनिट असेल तर तिचा तेरावा-चौदावा भाग. ही वीज भिंतीतून घेतली तर बॅटरी भरलेली राहते आणि ते १५ किलोमीटर हाती उरतात. नॉर्वेच्या मोटारवाहन संघाने २०२० साली अनेक विजेच्या गाड्यांची हिवाळ्यात चाचणी घेतली, तेव्हा एका चार्जिंगमध्ये जाणारे अंतर सरासरी सुमारे एक पंचमांशाने घटलेले आढळले. अशा ठिकाणी १५ किलोमीटर ही किरकोळ गोष्ट नाही.

पण इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पूर्वतापनाने वीज वाचते असे अनेकांना वाटते. तसे नाही. भिंतीतून घेतली काय किंवा बॅटरीतून घेतली काय, उष्णता तेवढीच लागणार. बॅटरीत भरून पुन्हा काढताना होणारी थोडी घट वाचते, इतकेच. उलट गाडी तासभर आधीच तापवून ठेवली तर न्यूटनच्या शीतलीकरणाच्या नियमानुसार ती उष्णता बाहेर गळत राहील आणि वीज अधिकच लागेल. पूर्वतापनाने वाचते ते बरोबर नेलेल्या साठ्याचे ओझे. प्रवासाला निघणारा माणूस घरी जेवून निघतो आणि शिदोरी वाटेसाठी राखतो. जेवण दोन्हीकडे सारखेच असते. शिदोरी मात्र मोजकी असते.

पुणे, नॉर्वे आणि चंद्रपूर

पूर्वतापनाचा हा प्रश्न महाराष्ट्रापासून वाटतो तितका दूर नाही. टाटा मोटर्सने २००८ मध्ये नॉर्वेतील मिल्यो ग्रेनलँड या संस्थेतील निम्म्याहून थोडा अधिक हिस्सा घेतला. पुण्यात जन्मलेली इंडिका विजेवर चालवून युरोपात न्यावी अशी ती योजना होती. पुढे जानेवारी २०२० मध्ये याच कंपनीची नेक्सॉन ही विजेवरची मोटार भारतात विक्रीला आली. तिची बॅटरी ३०.२ युनिट क्षमतेची होती आणि तिचे तापमान राखण्यासाठी तिच्याभोवती द्रव खेळवलेला होता. फोनवरून आज्ञा देऊन गाडीत बसण्यापूर्वी तिचे वातानुकूलन सुरू करण्याचीही सोय होती. नॉर्वेत जी सोय ऊब देण्यासाठी लागते, ती आपल्याकडे गारव्यासाठी आली.

आता भिंतीतल्या विजेचा उगम पाहू. नॉर्वेची वीज मुख्यतः धबधब्यांच्या पाण्यावर तयार होते. नागभीडपासून सुमारे शंभर किलोमीटरवर चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला आणि आज त्याची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथे कोळसा जळतो. अशा केंद्रात कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश विजेत उतरते. एका युनिटाला ढोबळमानाने ०.७ किलो कोळसा लागतो. म्हणजे आपली तीन युनिटे सुमारे दोन किलो कोळशाची झाली.

वाफेच्या इंजिनाचे १३४ किलो आणि मोटारीचे दोन किलो यांची सरळ तुलना करणे न्याय्य नाही. एक शेकडो माणसे ओढणारी आगगाडी, दुसरी चार-पाच जणांची मोटार. परंतु दोन्हीकडे सुरुवातीची उष्णता कोळशातूनच आली, हे ध्यानात घ्यावे. भट्टी शेडमधून उठून वीजकेंद्रात गेली. धूर प्रवाशाच्या डोळ्यांपासून दूर गेला, पण चंद्रपूरकरांच्या डोळ्यांपासून गेला नाही. उष्णतेपासून वीज करायची आणि त्या विजेची पुन्हा उष्णता करायची, यात दोन तृतीयांश वाटेतच सांडते. यावर उपाय म्हणून अनेक नव्या मोटारींत उष्णतापंप बसवतात. घरातला फ्रीज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. तसा हा पंप बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून आत आणतो. एक युनिट विजेत तो परिस्थितीनुसार दोन-तीन युनिट उष्णता देऊ शकतो. हवा फार थंड असली की त्याचा हा लाभ कमी होतो.

नागभीडचा उलटा प्रश्न

नागभीडला जानेवारीच्या पहाटे पारा कधी आठ-दहा अंशांपर्यंत उतरतो. इतक्या थंडीत बॅटरी थोडी आळसावते, पण तिला तापवण्याची खास गरज पडत नाही. इथला खरा शत्रू मे महिना. शेजारच्या ब्रह्मपुरीचे आणि चंद्रपूरचे तापमान उन्हाळ्यात अनेकदा ४६ अंशांच्या पलीकडे जाते. उन्हात बंद उभ्या मोटारीच्या आत ६० अंशांच्या वर तापमान जाऊ शकते.

थंडी बॅटरीला तात्पुरते मंद करते. ऊब मिळाली की ती पूर्ववत होते. उष्णता मात्र बॅटरीचे वय वाढवते. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांना सुमारे दुप्पट होतो, हा ढोबळ नियम आपण शाळेत शिकवतो. बॅटरीला आतून झिजवणाऱ्या नको असलेल्या क्रियाही याच नियमाने वेग घेतात. म्हणून आपल्याकडे पूर्वतापनाऐवजी पूर्वशीतनाचा विचार हवा. गाडी प्लगला जोडलेली असतानाच आतली जागा गार करून घ्यावी. ज्या गाडीत बॅटरी गार करण्याची यंत्रणा आहे, तिथे तेही काम भिंतीतल्या विजेवर होऊ द्यावे.

पण आपल्या भागात विजेवरची मोटार थोड्यांकडे असते. अधिक दिसतात त्या स्कूटर आणि ई-रिक्षा, आणि त्यांपैकी बहुतेकींत बॅटरी गार करणारी यंत्रणा नसते. २०२२ साली देशात विजेच्या स्कूटरना आगी लागण्याच्या काही घटना घडल्या, तेव्हा बॅटरीची सुरक्षितता हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. अशा गाड्यांसाठी शिस्त हीच यंत्रणा. उन्हातून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नये. सावलीत तासभर निवू द्यावी. चार्जिंग शक्यतो रात्री किंवा पहाटे करावे. गाडी झाडाखाली किंवा छपराखाली उभी करावी. ज्या विद्यार्थ्याच्या घरी अशी रिक्षा हेच उपजीविकेचे साधन आहे, त्याच्या घरच्यांसाठी बॅटरी एक वर्ष जास्त टिकणे किंवा न टिकणे हा मोठा प्रश्न आहे. वर्गात शिकवलेला दहा अंशांचा नियम इथे थेट संसाराच्या हिशेबात उतरतो.

वर्गात करून पाहता येईल असे

टॉर्चचे दोन सारखे सेल घ्यावेत. एक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून बर्फाच्या डब्यात तासभर ठेवावा, दुसरा टेबलावर. दोघांना सारखेच लहान बल्ब जोडून प्रकाशाची आणि व्होल्टमीटर असल्यास दाबाची तुलना करावी. मग थंड सेल तळहातात धरून गरम होऊ द्यावा आणि पुन्हा पाहावे. सेल पुन्हा चार्ज केला नाही, तरी त्याचा जोर परत येतो. हा प्रयोग साध्या कोरड्या सेलवरच करावा. लिथियमची बॅटरी बर्फात किंवा उन्हात ठेवण्याचा प्रयोग कोणी करू नये.

दुसरा प्रयोग आणखी सोपा आहे. गरम पाण्याचे दोन सारखे पेले घ्यावेत, एक उघडा, एक कापडात गुंडाळलेला. दर पाच मिनिटांनी तापमान मोजून आलेख काढावा. गाडी किती आधी तापवावी, हे त्या आलेखावरून विद्यार्थी आपण होऊन सांगतील.

आणि कधी विद्यार्थ्यांना घेऊन नागपूरला गेलात, तर मोतीबागेतले अरुंदमार्ग रेल्वेचे संग्रहालय जरूर दाखवावे. २००२ पासून ते तिथे आहे. तिथल्या वाफेच्या इंजिनापाशी त्यांना एवढेच विचारावे: हे इंजिन पहाटे पाचला सुटायचे असेल, तर भट्टी किती वाजता पेटवायची, आणि तो कोळसा कोणाच्या खात्यावर मांडायचा?